‘सेरेनिटी’ लावण्याआधी

‘सेरेनिटी’ हा चित्रपट म्हणजे ‘फायरफ्लाय’ या अंतराळातल्या अमेरिकी मालिकेची पुढची गोष्ट. २००२ साली फॉक्स वाहिनीने त्या मालिकेचे १४ पैकी ११च भाग दाखवले, तेही उलटसुलट. दीड तासाचा आरंभीचा भाग चक्क डिसेंबरात, सगळ्यांच्या शेवटी! त्यामुळे प्रसारणाचा क्रम विसरा, डीव्हीडीचा क्रम धरा. १४ भागांना वेळ नसेल तर आरंभीचा भाग, ‘आउट ऑफ गॅस’ आणि ‘एरियल’ एवढे तरी हवेतच. ‘एरियल’ गाळला तर २००५च्या चित्रपटात रिव्हर या यानावरच्या मुलीवर काय प्रयोग झाले ते उडत उडतच कळतं. चित्रपटाच्या सुरुवातीला सगळ्या यानातून फिरणारा, सलग वाटणारा लांब शॉट नव्या प्रेक्षकाला माणसांची ओळख करून देतो, पण माया लावायला मालिकाच लागते.

गोव्यात फोंडा-डिचोलीकडे पावसाळ्यात घरी दाखवणार असाल तर पडद्याचा हिशेब आधी करा. चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण मालिकेत १६:९, चित्रपटात २.३९:१. सहा फूट रुंद पडद्यावर मालिकेची उंची साडेचाळीस इंच, चित्रपटाची जेमतेम तीस. सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत गेली तर पुढच्यांच्या डोक्याआड जातात. प्लेअरमधून वर सरकवा. मधूनमधून येणाऱ्या चिनी शिव्यांचा अर्थ सबटायटलमध्ये शोधत बसू नका, सूर पुरेसा बोलका असतो.

दिव्याचा प्रोजेक्टर यूपीएसवरच लावा. वीज गेली की पंखाही थांबतो, आणि तापलेला दिवा तिथेच भाजून निघतो.