घोट

मे महिन्याच्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून कुणी ओपीडीत आलं, की माझी नजर आधी मफलरवरच जाते. असेच आलेले हे काका पुण्यात बसवर कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी अपघातात डोक्याला मार लागला, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर काढले, श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं. पुढे नळी निघाली, भोक आपोआप बुजलं. मफलर सोडल्यावर दिसला अंगठा बसेल एवढा खड्डा.

"आता बघा," म्हणत त्यांनी आवंढा गिळला. खड्डा आणखी आत ओढला जाऊन वर सरकला, मग खाली आला. "तिकीट घेताना लोक हेच बघतात. चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून पितो."

मधली चरबी गेलेली, कातडी श्वासनलिकेलाच चिकटलेली. गिळताना नलिका वर जाते ती कातडीला घेऊनच. त्यामुळे आधी सोडवायचं, मग परत चिकटू नये म्हणून मध्ये चरबीची गादी घालायची.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून श्वासमार्ग मोकळा असल्याची खात्री दिली. फक्त तेवढ्या जागेपुरती भूल दिली, काका जागे होते. पोटातून हाताच्या सिरिंजने चरबी काढून यंत्रात मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने ३ मिनिटं फिरवली. वर तेल, तळाशी लालसर पाणी, मध्ये लोण्यासारखी चरबी. काका म्हणाले, "पोट कमी झालं ना, मग बायको खूश!"

हुकाने कातडी उचलून सुई तिच्याशी समांतर घातली. काही मिलिमीटर खाली श्वासनलिका. कर्र कर्र आवाज.

"डॉक्टर, काही फाटतंय का?"

"फाडतोयच, काका."

इथे हात मोकळा सोडायचा मोह होतो. पण मोठी पोकळी झाली, तर चरबीला भोवतीच्या पेशींचा आधार मिळत नाही आणि ती मरते. जाळी हवी, गुहा नको.

मान ताणून राहावी म्हणून खांद्याखाली ठेवलेली गुंडाळी काढली. "गिळा." तोंड कोरडं पडलेलं, सिस्टरने चमचाभर पाणी पाजलं. डावीकडे अजून एक धागा ओढत होता. तो तोडला. "परत गिळा." नलिका आतल्या आत वर गेली, वरची कातडी जागच्या जागी. "सर, हललं नाही!" मास्कमधून सिस्टर ओरडल्याच.

मग एक मिलीच्या सिरिंजने, बोथट कॅन्युला (पोकळ नळी) मागे घेत घेत, थेंब थेंब चरबी सोडली. त्यातली काही विरघळणार, हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

तसंच झालं. तीन महिन्यांनी डावीकडे थोडा खोलगटपणा उरला होता; गिळताना मात्र ओढ नव्हती. दुसऱ्या वेळची तारीख काढायला डायरी उघडली, तर काका म्हणाले, "दिवाळीनंतरची द्या. तोवर ओव्हरटाइम सोडवत नाही."