उजवीकडे ओढणारा ट्रक

मार्च महिन्यातल्या एका सकाळी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील माझ्या गॅरेजसमोर एक सहा चाकी ट्रक येऊन उभा राहिला. चालकमामा साठीच्या घरातले होते. खाली उतरताच त्यांनी स्टीअरिंगकडे बोट दाखवून तक्रार एका दमात सांगितली. "मिस्त्री, गाडी उजवीकडं ओढतीय. हात जरा सैल सोडला की डिव्हायडरकडं पळती. मुंबईला जाऊन येईस्तोवर डावा खांदा भरून येतोय बघा." सांगलीच्या मार्केट यार्डातून वाशीच्या बाजारात हळदीची पोती पोहोचवणे हा त्यांचा नेहमीचा फेरा. हळदीच्या आवकीचा हंगाम सुरू होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी भरायला लावायची होती, म्हणजे माझ्या हाती एकच दिवस होता.

तक्रारीतल्या "उजवीकडे" या शब्दाने माझे लक्ष वेधून घेतले. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात आणि पाणी साचू नये म्हणून रस्त्याला कडेच्या दिशेने उतार दिलेला असतो, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा हात सोडल्यावर किंचित डावीकडे सरकते. डावीकडे ओढण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या दहा गाड्यांपैकी दोन-तीन गाड्यांना मी काहीही न करता परत पाठवतो, कारण तो दोष रस्त्याचा असतो. उजवीकडे ओढणारी गाडी मात्र त्या उताराच्या विरुद्ध चाललेली असते, तेव्हा तिच्यात काहीतरी खरोखर बिघडलेले असणार, हे गृहीत धरूनच मी कामाला लागलो.

मामांनी याआधी बराच खर्च केला होता. एका ठिकाणी दोनदा अलाइनमेंट (चाकांच्या दिशेची जुळवणी) करून घेतली होती आणि पुढचे दोन्ही टायर नवे घातले होते. हवा तपासली, ती दोन्ही बाजूंना सारखी होती. तरीही खात्रीसाठी पुढची चाके डावी-उजवी अदलाबदल करून एक चक्कर मारली. दोष टायरचा असेल तर चाके बदलल्यावर गाडी विरुद्ध बाजूला ओढू लागते, किंवा निदान ओढ कमी तरी होते. इथे दिशाही बदलली नाही आणि ओढही तितकीच राहिली. टायर निर्दोष ठरले.

मग मी विचारले, "मामा, ब्रेक मारल्यावर ओढ वाढते का?" ते म्हणाले, "वाढती की! जोरात दाबला तर लईच वाढती." या एका उत्तराने माझी अर्धी सकाळ खाल्ली. ब्रेक मारल्यावर उजवीकडे ओढते म्हणजे डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक कमी लागत असणार, असा सरळ हिशोब मी मांडला. जॅकवर घेऊन पुढची चाके हाताने फिरवली, ती दोन्ही मोकळी होती. हेल्परला पेडल दाबून धरायला सांगितले आणि ब्रेक चेंबरचा, म्हणजे हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा, दांडा किती बाहेर येतो ते पाहिले, तर डावीकडचा दांडा उजवीकडच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त बाहेर येत होता. डाव्या बाजूचा, ब्रेकचा ढिलेपणा काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर आवळला, दोन्ही बाजूंचे माप सारखे करून घेतले आणि दोष सापडल्याच्या समाधानात चहाही मागवला. दोष होताच, पण तो त्या गाडीतला दुसरा दोष होता, हे चहानंतरच्या चकरेत लगेच कळले. गाडी पूर्वीइतकीच उजवीकडे जात होती.

किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती खीळ), व्हील बेअरिंग, टायरॉडची (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याची) टोके हे सगळे मी त्यानंतर पाहिले. किंगपिनला थोडा खेळ होता, पण इतक्या चाललेल्या गाडीत तेवढा असायचाच. ओढ हाताला स्टीअरिंगमध्ये जाणवते, म्हणून आपण सगळे पुढच्या अ‍ॅक्सलभोवती घोटाळत राहतो. मामांची अलाइनमेंट दोनदा करणाऱ्यानेही नेमके तेच केले होते. पुढच्या चाकांचा टो-इन, म्हणजे त्यांचा आतल्या बाजूचा कल, त्याने बरोबर लावला होता, मागे मात्र मापाचा फीता लावलाच नव्हता.

दुपारी जेवणाच्या आधी मामांना मी वसाहतीतल्या सरळ रस्त्यावर गाडी दूर नेऊन परत आणायला सांगितली आणि स्वतः लांब रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ट्रक समोरून येऊ लागला तेव्हा केबिनच्या मागून हौद्याची डावी बाजू बाहेर डोकावत होती, उजवी बाजू मात्र केबिनआड लपलेली होती. म्हणजे गाडी सरळ रेषेत येत होती, पण अंग तिरके करून. माझे वडील बैलगाड्यांची कामे करत. आख एका बाजूने मागे सरकलेली गाडी रस्त्यावरून जाताना दिसली की ते जागेवरूनच सांगत, हिचे जू सतत एकाच बाजूला रेटले जात असणार. ती आठवण त्या क्षणी झाली आणि पुढच्या चाकांचा नाद मी सोडला.

पडताळा घेण्यासाठी गाडी धुण्याच्या जागेवर भरपूर पाणी मारले, ट्रक त्यावरून हळू आणि सरळ कोरड्या काँक्रिटवर आणायला लावला आणि उमटलेले ओले ठसे पाहिले. डावीकडे मागच्या बाहेरच्या टायरचा ठसा पुढच्या चाकाच्या ठशाबाहेर जवळजवळ वीतभर पडला होता. उजवीकडे तो जेमतेम दोन बोटे बाहेर होता. मग पुढची चाके सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या (चाकाच्या तुंब्याच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत फीता लावला. डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा ३५ मिलिमीटरने जास्त भरले.

हा आकडा किरकोळ वाटेल, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. मागच्या अ‍ॅक्सलचे डावे टोक मागे सरकले की मागची चाके डावीकडे तोंड करतात आणि गाडीचा मागचा भाग सतत डावीकडे ढकलत राहतात. मागचा भाग डावीकडे गेला की नाक उजवीकडे वळते, आणि ते सरळ ठेवण्यासाठी चालकाला स्टीअरिंग डावीकडे धरून बसावे लागते. मामांचा डावा खांदा का भरून येत होता, त्याचे उत्तर त्या ३५ मिलिमीटरमध्ये होते. मागच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर पावणेदोन ते दोन मीटर धरले तर हा तिरकेपणा एक अंशाच्या थोडा वर जातो, आणि पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटरहून अधिक अंतर असलेल्या गाडीत तेवढ्यानेच मागची चाके सुमारे तीन इंच बाजूला पडतात.

आता खाली झोपून डाव्या मागच्या पाट्यांकडे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांकडे, पाहिले. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट वरवर पाहता जागेवर होते. पण पाटा जिथे हाउसिंगवर (अ‍ॅक्सलच्या कवचावर) बसतो तिथे, त्याच्या बैठकीशेजारी, बोटभर रुंदीची लोखंडाची चकचकीत पट्टी दिसत होती. आजूबाजूला सगळीकडे चिखल आणि गंज असताना एवढीच जागा घासून स्वच्छ झाली होती. नटाला पाना लावला, तर पाईप न जोडता नुसत्या हाताने तो फिरला. मामांना विचारले, तेव्हा महिन्यापूर्वी या बाजूचा मोडलेला पाटा प्रवासात एका ठिकाणी बदलून घेतल्याचे त्यांनी सांगितले. यू-बोल्ट जुनेच वापरले होते आणि त्यानंतर ते कोणी आवळले नव्हते. त्यानंतर एका रात्री डावे मागचे चाक रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात जोरात आदळल्याचेही त्यांना आठवले.

गाडी रिकामी होती हे बरे झाले. चौकटीला आधार देऊन यू-बोल्ट सोडले आणि पाटे उचलले, तेव्हा सेंटर बोल्टचे डोके हाउसिंगच्या भोकात एकटेच बसलेले दिसले. उरलेला बोल्ट वर पाट्यांमध्ये होता. पाट्यांची चळत एकत्र बांधणे आणि त्या डोक्याच्या आधाराने अ‍ॅक्सल जागेवर राखणे, एवढेच सेंटर बोल्टचे काम. गाडीचा जोर सोसायचा असतो तो यू-बोल्टच्या पकडीने. ती पकड सैल झाली की ब्रेकचा आणि खड्ड्यांचा सगळा धक्का या बोटभर जाडीच्या बोल्टवर येतो आणि तो कधीतरी तुटतो. मागच्या चार टायरांच्या एकेरी अ‍ॅक्सलची वजनमर्यादा २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली, तेव्हा या पकडीकडे दुर्लक्ष करणे आणखीनच महाग पडते. ब्रेक मारल्यावर ओढ का वाढत होती, तेही इथे उलगडले. सैल पडलेले टोक प्रत्येक ब्रेकबरोबर आणखी थोडे मागे घसरत होते. मी मात्र ती खूण वाचून पुढच्या चाकाकडे गेलो होतो.

नवा सेंटर बोल्ट आणि चारही यू-बोल्ट नवे आणले. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत असे माझे मत आहे, आणि मामांच्या मालकाने फोनवर खर्चावरून थोडी कुरकुर केली तरी मी ते सोडले नाही. बोल्टचे डोके भोकात नीट बसवून, गाडी चाकांवर उतरवून, नट तिरपे-आडवे क्रमाने थोडे थोडे आवळत नेले आणि शेवटी टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्यापर्यंत आणले. फीता पुन्हा लावला, दोन्ही बाजूंतला फरक २ मिलिमीटरवर आला होता. पुढचा टो-इन एकदा तपासला, तो ठीक होता.

संध्याकाळी मिरज रस्त्याने चक्कर मारताना मामांनी सवयीने स्टीअरिंग डावीकडे धरले आणि गाडी चक्क डावीकडे कडेला जाऊ लागली. ते हसले आणि हाताची पकड सैल केली. पैसे देताना मी त्यांना बजावले, की पाचशे किलोमीटरच्या आत गाडी कुठेही असो, नट पुन्हा आवळून घ्या. वाशीहून परतताना ते थेट माझ्याकडेच आले. आठही नटांना पाना लावला, तर बहुतेकांनी जवळजवळ पाव फेरा घेतला.