लिंक तिकडे उघडते का बघ

बाबांचा मेसेज साधारण इथल्या दुपारी येतो, म्हणजे तिकडे त्यांचा संध्याकाळचा चहा झालेला असतो. "ही लिंक तिकडे उघडते का बघ गं." सोबत स्क्रीनशॉट: करड्या चौकटीत एक ओळ, कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर भारतात दाखवता येत नाही. मी लिंक दाबते आणि इथे हॅनोवरमध्ये ती सुखाने उघडते. कधी एखादं व्यंगचित्र असतं, कधी लांबलचक बातमी, कधी निव्वळ शिवीगाळ. बाबांना तिन्हींत सारखाच रस.

सुरुवातीला मला या कामाचा थोडा गर्व वाटायचा. मी मोकळ्या देशात बसलेय आणि खिडकीतून आत बघून घरच्यांना सांगतेय, असं काहीसं. मग एक दिवस दुसऱ्याच कुणाची पोस्ट उघडायला गेले तर तीच करडी चौकट, फक्त देशाचं नाव जर्मनी. बाबांना स्क्रीनशॉट पाठवला. त्यांना इतका आनंद मी मास्टर्स झाले तेव्हाही झाला नव्हता. "म्हणजे तुमच्याकडेही!"

आमच्याकडेही, आणि सुरुवातच आमच्या गावापासून. जानेवारी 2012 मध्ये ट्विटरने जाहीर केलं की यापुढे एखादा मजकूर फक्त एकाच देशात झाकून बाकी जगात उघडा ठेवता येईल. ही सोय पहिल्यांदा वापरली गेली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हॅनोवरच्या एका नव-नाझी गटासाठी. राज्य सरकारने त्या गटावर बंदी घातली होती. ते खातं जर्मनीत दिसेनासं झालं. सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये मात्र ते दिसत होतं.

पुढच्याच महिन्यात आपल्याकडे पालघर घडलं. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली, त्यावर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. लाइक केलं म्हणून अटक, हे आजही लिहिताना बोट अडखळतं. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला घटनाबाह्य ठरवलं. मी तेव्हा भारतातच होते, आणि जर्मनीची पद्धत मला फार सभ्य वाटायची: माणसाला हात लावायचा नाही, नुसता पडदा ओढायचा. इथे राहायला आल्यावर कळलं की पडद्यामागे फौजदारी कलमंही आहेत, आणि ती चांगलीच जागी असतात.

आता स्वस्तिकाचं सांगते. सुट्टीत घरी गेले होते तेव्हा ताईच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, चार घरांत चार ठिपके नीट भरलेले. फोटो काढला, तिथूनच फेसबुकवर टाकला. परत आल्यावर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याला फोटो दाखवत होते. तो ताईची साडी, तोरण सगळं कौतुकाने बघत होता. दाराच्या फोटोवर आला आणि काही न बोलता त्याने माझा फोन टेबलावर पालथा घातला. मग हळूच म्हणाला, "मला माहितीये हे तुमचं काय आहे. पण शेजारच्या टेबलाला माहीत नाही."

मी समजावलं, त्यानेही ऐकून घेतलं. समोर बसलेल्या माणसाला समजावता येतं. फोटोखाली हजारो वर्षांचा इतिहास कोण वाचणार?

जर्मन दंडसंहितेचं 86अ कलम बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरण्याबद्दल आहे, आणि नाझींचं स्वस्तिकासारखं चिन्ह त्यातच येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. कला, संशोधन, शिक्षण, वार्तांकन यांना सूट आहे. तरीही फुलीने खोडलेलं नाझी चिन्ह विकणाऱ्या, म्हणजे उघडउघड नाझीविरोधी असलेल्या माणसाला एका कोर्टाने दंड केला होता. अखेर 2007 मध्ये इथल्या सर्वोच्च फौजदारी पीठाला सांगावं लागलं की विरोध स्पष्ट दिसत असेल तर तो गुन्हा नाही. त्याच वर्षी हे चिन्ह सगळ्या युरोपात बंद करावं असा जर्मनीचा विचार होता, तेव्हा युरोपातल्या हिंदूंनी आवाज उठवला आणि तो बारगळला. ताईच्या दारावरच्या स्वस्तिकाला कुणी खटल्यात ओढेल असं मला अजिबात वाटत नाही. पण मी कलम वाचायला घेतलं आणि वाचता वाचता भलतीकडेच पोचले.

झालं असं होतं की एका माणसाने चेक प्रजासत्ताकात बसून नाझी चिन्हं यूट्यूबवर चढवली. 2014 मध्ये जर्मन न्यायालय म्हणालं, तो बसला होता तिथे हा गुन्हा नाही, सबब आपलं कलम लागू होत नाही. ही फट सरकारने बुजवली. 1 जानेवारी 2021 पासून कृत्य परदेशात झालं, पण मजकूर जर्मनीत दिसला, तरी कलम लागतं. अट एवढीच की करणारा जर्मन नागरिक असावा किंवा त्याचा उदरनिर्वाह जर्मनीत असावा. उदरनिर्वाह! पासपोर्ट नाही, पत्ता नाही, जिथली भाकरी तिथला कायदा. म्हणजे मी सुट्टीत ताईच्या अंगणात बसून काही टाकलं तरी जर्मनीचा दोर कमरेला आहेच.

दुसरा दोर आपला. भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेला गुन्हा भारतीय फौजदारी कायद्याच्या कक्षेत येतो. हे जुन्या दंडसंहितेत होतं, 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेतही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 75 वं कलम तर कुठल्याही देशाच्या माणसाला धरतं, फक्त गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतलेला हवा. कधी काळी लोक म्हणायचे इंटरनेटला सीमा नाहीत. माझ्या वाट्याला दोन आल्या.

बरं, न्यायालयंही आपल्या दाराशी थांबत नाहीत. ऑक्टोबर 2019 हा महिना मला या बाबतीत फार मजेशीर वाटतो. 3 तारखेला युरोपीय संघाच्या न्यायालयाने एका ऑस्ट्रियन राजकारणी बाईंच्या फेसबुकविरुद्धच्या प्रकरणात सांगितलं की बदनामीकारक मजकूर जगभरातून काढण्याचा आदेश एखाद्या सदस्य देशाच्या कोर्टाने द्यायला युरोपीय कायद्याची आडकाठी नाही. 23 तारखेला दिल्ली उच्च न्यायालयाने बाबा रामदेव यांच्या खटल्यात सांगितलं: भारतातून चढवलेला मजकूर जगभरातून काढा, बाहेरून चढवलेला फक्त भारतात झाका. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. पण त्या हिशोबाने एकच व्हिडिओ मी माहेरून टाकला तर जगातून गायब, आणि हॅनोवरच्या स्वयंपाकघरातून टाकला तर फक्त बाबांना दिसणार नाही.

या सगळ्याचं मूळ पॅरिसमध्ये आहे. 2000 साली याहूच्या लिलावात नाझी वस्तू विकायला होत्या, आणि फ्रेंच कोर्टाने त्या फ्रेंच लोकांना दिसू नयेत असा आदेश दिला. याहूचं म्हणणं, कोण कुठून बघतंय ते आम्हाला कसं कळणार? कोर्टाने तज्ज्ञ बसवले. त्यांनी सांगितलं, साधारण 70 टक्के लोकांचा देश ओळखता येईल. आज माझा फोन मला न विचारता मी कुठे आहे ते सांगून मोकळा होतो. करडी चौकट त्याच्याच जिवावर चालते.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी दोन्हीकडचं कडक तेवढं पाळते. पॅलेस्टाइनबद्दल इथे जपून लिहिते, धर्माबद्दल तिकडच्यासाठी जपून लिहिते, आणि मग उरतात पानगळीचे फोटो. त्यांना लाइक्स भरपूर पडतात. कुणी मला कधी नोटीस पाठवलेली नाही, कुणी पोस्ट काढायला लावली नाही. ताईच्या दाराचा फोटो मात्र मीच काढून टाकला, त्या जेवणाच्या सुट्टीनंतर, रात्री घरी येऊन. ताईला अजून सांगितलेलं नाही.

परवा बाबांची पुन्हा लिंक आली. उघडली. बऱ्यापैकी तिखट लेख होता. "स्क्रीनशॉट पाठव," ते म्हणाले. मी चार स्क्रीनशॉट काढले, पाठवायच्या बाणावर अंगठा नेला आणि थांबले. मग फोन लावला. "बाबा, चष्मा राहू द्या, मीच वाचून दाखवते."