तुम्ही विचारलंत म्हणून: फळ्यावर कुणाचा सण लिहायचा?

आमच्या सोसायटीचा फळा मी लिहिते हे कळलं की शेजारपाजारच्या सोसायट्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्याकडे तर सगळ्या धर्मांची माणसं. कुठल्या सणाला कुणाला काय शुभेच्छा द्यायच्या हे ठरवता कसं? त्यापेक्षा एक जानेवारीला 'सर्वांना सर्व सणांच्या शुभेच्छा' असा एकच फ्लेक्स लावा आणि मोकळ्या व्हा की!" कुणी काळजीने विचारतं, कुणी टोमणा म्हणून. उत्तर दोघांना एकच आहे, पण जिन्यात उभ्या उभ्या देण्याइतकं आटोपशीर नाही, म्हणून लिहून टाकते.

आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याच्या जवळ राहतो. नवरात्रात तिथे देवीचा मोठा मांडव पडतो. तिथेच ज्यूंचं १८७९ सालचं सिनेगॉग आहे, पारशांची अग्यारी आहे आणि तलावपाळीकडे निघालात की कोपिनेश्वर आणि सेंट जॉन चर्च दोन्ही लागतात. इमारतीतही तसंच. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पारशी आँटी, दोन तऱ्हेचे जैन, वसईकडचे ख्रिस्ती, कोकणी मुसलमान, बौद्ध, सिंधी, केरळी. आणि उरलेले आम्ही, ज्यांच्यात गौरी कुणाकडे खड्यांच्या तर कुणाकडे मुखवट्यांच्या.

फ्लेक्सने का भागत नाही, हे सांगायला २०२५चा दसरा पुरेसा आहे.

त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. नाक्यावर देवी बसली आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्ताला ज्यूंचं नवं वर्ष लागलं, रोश हशाना. आमच्या बेने इस्रायली मावशींच्या आजीच्या तोंडी त्याचं नाव 'नव्याचा सण' असायचं. त्यांची पंचांगंही चंद्रावर चालतात आणि आपल्यासारखाच अधिक महिना धरतात, त्यामुळे हे दोन उत्सव बरेचदा एकमेकांच्या आसपास येतात. त्या दिवशी फळ्यावर दोन ओळी सहज मावल्या: एक घटस्थापनेची, एक 'शाना तोवा'ची.

खरी पंचाईत दहा दिवसांनी झाली. २ ऑक्टोबरला दसरा, गांधी जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ज्यूंचा योम किप्पुर, सगळं एकाच गुरुवारी. दसऱ्याचं सोपं, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा'. पण बौद्ध घरांना त्याच ओळीत गुंडाळायचं? १९५६च्या विजयादशमीला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तो दिवस त्यांचा आहे तो याच कारणाने. तिथे दसऱ्याच्या शुभेच्छा देणं म्हणजे आपल्याला यातलं काहीच ठाऊक नाही असं जाहीर करणं. म्हणून दुसरी ओळ वेगळी, निळ्या खडूने: 'धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मंगलकामना'. हा शब्द मी शोधलेला नाही. त्या घरांतून जी पत्रिका येते तिच्यावर हाच छापलेला असतो.

आणि योम किप्पुर? शुभेच्छांचा नाहीच तो दिवस. आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत कडक उपास, पाण्याचा घोटही नाही, आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. कोकणातले बेने इस्रायली याला 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारं लावून माणसं घरात बसत. त्यांच्यासाठी फळ्यावर एक शब्दही लिहिला नाही. खाली सूचना लिहिली, 'आज वाहनपूजेला स्पीकर लावू नये. अंधार पडल्यावर लावायला हरकत नाही.' कारण कुणी विचारलं तर सांगितलं, बऱ्याच जणांनी विचारलंही नाही. मुलांनी जरा कुरकुर केली आणि आपट्याची पानं वाटायला पळाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. त्या दिवशी त्या घराला काय लागतं ते आधी बघायचं, शुभेच्छा मागाहून. रमजानमध्ये 'रमजान मुबारक' लिहायला खडूचे दोन फटकारे लागतात, पण सेहरीच्या वेळी नळाला पाणी नसेल तर ते मुबारक कुणाला? त्या महिन्यात आमचा वॉचमन पहाटेआधीच वरची टाकी भरतो. ही वेळ फळ्यावर मुबारकच्या खालीच लिहिलेली असते. नाताळच्या आदल्या रात्री चर्चमधली मिस्सा संपवून लोक उशिरा परततात, तर गेट कुणी उघडायचं हे वॉचमनला आधीच सांगितलेलं असतं. पर्युषणात जैन मंडळी सूर्यास्तानंतर खात नाहीत, संध्याकाळी जेवण उरकायची घाई असते, म्हणून त्या आठवड्यात सोसायटीची मीटिंग सातची न ठेवता रात्री साडेआठला. चहा न घेता, अर्थात. त्या मीटिंगा लवकर संपतात, हा आणखी एक फायदा.

जैनांचं आणखी एक आहे. श्वेतांबरांची संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा, सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, कुणाची पंचमीला. म्हणजे घरोघर गणपती येत असतात तेव्हाच 'मिच्छामि दुक्कडम'. पण आमच्याकडचं सांगलीचं कुटुंब दिगंबर आहे. मराठी बोलणारी, शेतीवाडीतली माणसं. त्यांची दशलक्षण पर्वं पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत चालतात आणि त्यानंतर ते 'उत्तम क्षमा' म्हणतात. त्यांना चतुर्थीला मिच्छामि दुक्कडम म्हटलं की ते हसून हात जोडतात, रागावत नाहीत. तरी ज्याचं त्याला त्याच्या वेळेला दिलेलं बरं.

वेळेचं म्हणाल तर फ्लेक्सवाल्यांची सगळ्यात मोठी अडचण ईद. भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली तारीख हा अंदाज असतो, खरं काय ते चंद्र दिसल्यावर. २०२५ला गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला. संध्याकाळी आम्ही गुढी उतरवल्या, तोवर चौथ्या मजल्यावरची मुलं चंद्रकोर बघायला गच्चीवर चढली होती. आमचा चैत्र आणि त्यांचा शव्वाल एकाच अमावास्येनंतर लागत होता. थोड्याच वेळात वरून 'दिसला, दिसला' असा आरडाओरडा आणि मी खडू घेऊन खाली. पाडव्याची ओळ पुसली नाही, तिच्याखाली 'उद्या ईद' लिहिलं. मुसलमानांच्या वर्षात अधिक महिना नसल्यामुळे त्यांचे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जातात, त्यामुळे असा शेजार काही वर्षंच मिळतो आणि मग सुटतो. २०२३ला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आले, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने सुट्टीही २९ तारखेला दिली. तेव्हा फळ्यावर काय लिहू हा माझा प्रश्न त्यांनीच सोडवला.

पारशी आँटींचं नवं वर्ष उलट कारणाने सरकतं. त्यांचं वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, लीप वर्षाचा दिवस त्यात नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी ते एक दिवस मागे येतं. २०२४पासून ते १५ ऑगस्टला आलंय. आँटी आधी झेंडावंदनाला उभ्या राहतात आणि मग अग्यारीत जातात. लोक त्यांना 'पतेती मुबारक' म्हणतात. पतेती आदल्या दिवशी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी असते आणि ती पश्चात्तापाची. आँटी दुरुस्त करत नाहीत, 'थँक यू डिकरा' म्हणतात. फळ्यावर मात्र मी 'नवरोज मुबारक' लिहिते.

या 'मुबारक'वर एका सभासदांची हरकत होती. हा आपला शब्द नाही, फळ्यावर नको. हे गृहस्थ गुजराती शेजाऱ्यांच्या दारात दिवाळीच्या पाडव्याला स्वतः 'साल मुबारक' म्हणत काजूकतली खातात. मी त्यांना एवढंच सांगितलं की फळा जिन्यात आहे, काजूकतलीही जिन्यातच होती. हसले आणि विषय मिटला.

बकरी ईदचा मिटला नाही. कुर्बानी आवारात होत नाही, महापालिकेने परवानगी दिलेल्या जागीच होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी 'शुभेच्छा लिहिल्या म्हणजे आपण पाठिंबा दिला' असं दोन घरांचं म्हणणं आहे. त्यातलं एक घर जीवदया मनापासून मानणारं आहे, त्यांना खोटं ठरवायची माझी इच्छा नाही. पण शेजाऱ्याला ईद मुबारक म्हटल्याने माझ्या ताटात काही बदल होत नाही, जसा त्यांच्या पर्युषणाने त्याच्या ताटात होत नाही. ओळ लिहिली जाते. त्या दिवशी ती दोन घरं फळ्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरतात. ठीक आहे.

काही दिवसांना शुभेच्छा नसतातच, हे एकदा समजून घेतलं की अर्धं काम होतं. गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणू नका; दोन दिवसांनी ईस्टर आहे, तेव्हा म्हणा. मोहरमला नवं वर्ष लागतं खरं, पण शिया घरांत करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसेन यांचं दुःख असतं. ६ डिसेंबरला फक्त 'विनम्र अभिवादन'. आणि ज्या घरात गेलेल्या माणसाला वर्ष झालेलं नाही, तिथे दिवाळीला आपण होऊन जायचं, पण कंदिलाचं कौतुक करत बसायचं नाही. फराळाचं आपण न्यायचं, कारण त्यांच्याकडे कढई चढलेली नसते. हे तर कुठल्याही धर्मात कळायला हवं.

फराळावरून आठवलं. काही ख्रिस्ती आणि मुसलमान घरं नैवेद्य दाखवलेलं खात नाहीत. त्यात अपमान काही नाही. मी लाडू-करंज्यांचे डबे नैवेद्याच्या आधीच बाजूला काढते आणि देताना तसं सांगते. आजीच्या काळी 'देवाआधी माणसाला?' असं कुणी म्हटलं असतं. आता माझ्याच स्वयंपाकघरात कुणी म्हणत नाही. उलट ज्यांनी परत शुभेच्छा दिल्या नाहीत त्यांचा हिशेब कुणी ठेवू नये. काहींच्या श्रद्धेत दुसऱ्याच्या सणाला तोंडाने शुभेच्छा देणं बसत नाही. पण तेच लोक तुमचा गणपती चार माणसांच्या बरोबरीने जिन्यातून खाली उतरवतात.

नव्या भाडेकरूंना फॉर्ममध्ये धर्म विचारू का, असंही एका सेक्रेटरींनी विचारलं होतं. अजिबात नको. पहिल्या महिन्यात लिफ्टमध्ये गाठ पडली की 'तुमच्याकडे मोठा सण कुठला हो?' एवढं विचारलं तरी माणूस आपण होऊन सांगतो, आणि त्या दिवशी काय लागतं तेही सांगतो. केरळी ताईंनी असंच सांगितलं, विषूला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, पहाटे डोळे उघडल्यावर सगळ्यात आधी कणी, म्हणजे देवापुढे मांडलेली शुभ वस्तूंची आरास, बघायची असते, तर १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीचा मंडप गेटसमोर बांधताना त्यांच्या गॅलरीखालचा दिवा तेवढा डोळ्यांवर नको. दिवा दुसरीकडे वळवला.

आणि पाचव्या मजल्यावरच्या सरांचं काय, हेही विचारून झालंय लोकांचं. ते कट्टर नास्तिक. देव नाही, सण नाही, शुभेच्छा नाहीत. त्यांच्यासाठी काय लिहू म्हणून मी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "पाण्याची वेळ लिहीत जा, मी तीच वाचतो."