सरोवरावर राहून विकतचं पाणी

पहाटे साडेचारला इंजिनाच्या आवाजानं जाग आली. मच्छरदाणीतून बाहेर पाहिलं तर मिंग ओट्याला नाव बांधत होती. नावेत दोन निळे जार. आपल्याकडे ऑफिसात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये असतात ना, वीस लिटरचे, तसेच. एकेक जार पोटाशी धरून तिनं वर घेतला. फळ्यांवर टेकवताना आवाज होऊ नये म्हणून तिनं आधीच पोतं अंथरून ठेवलं होतं. आत माझ्याबरोबरच्या पाच विद्यार्थिनी गाढ झोपल्या होत्या. आदल्या दुपारी आम्ही आलो तेव्हा त्याच कोपऱ्यात चार भरलेले जार होते. आता चारही रिकामे, आडवे पडलेले.

ते चार जार आम्ही संपवले होते. ऐंशी लिटर, एका संध्याकाळीत. आणि पिण्यात त्यातलं फार थोडं गेलं होतं.

हे कंबोडियातलं काँपोंग लुआँग. तोन्ले साप सरोवराच्या दक्षिण काठाचं तरंगतं गाव. मी पुण्यात गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत नववी ते अकरावीच्या ११ मुलांबरोबर सोबतीची शिक्षिका म्हणून गेले होते. अशा सहलींना हल्ली ‘सर्व्हिस ट्रिप’ म्हणतात. आठ दिवस, माणशी सव्वा लाख, त्यात तीन रात्री तरंगत्या घरात मुक्काम, शाळेत इंग्रजी शिकवणं, घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवणं, आणि शेवटी सेवेच्या तासांचं प्रमाणपत्र. परदेशात शिकायला जाताना ते उपयोगी पडतं असं पालकांना सांगितलेलं. मुलं मनापासून आली होती, हे मी आधीच सांगते. पुढे जे लिहिणार आहे त्यात त्यांचा दोष मला कमी दिसतो आणि माझा जास्त.

राजधानी नॉम पेन्हहून राष्ट्रीय महामार्ग ५ धरून निघालो. वाटेत काँपोंग छनांग लागतं. तिथल्या पाण्यावरच्या वस्त्या २०१८ पासून सरकारनं जमिनीवर हलवल्या. गाईडनं ते सांगितलं आणि गप्प झाला. त्या वस्त्यांमधले बरेच लोक व्हिएतनामी वंशाचे. काँपोंग लुआँगमध्येही तेच बहुसंख्य. पिढ्यान् पिढ्या इथे राहूनही अनेकांकडे नागरिकत्वाचा कागद नाही, त्यामुळे जमीन नावावर होत नाही, आणि म्हणून घर पाण्यावर. आमची मिंगही त्यांतलीच. मिंग हे नाव नव्हे, इथल्या ख्मेर भाषेत मावशीला मिंग म्हणतात. गाईड तशी हाक मारायचा, मग आम्हीही. तिची आई सत्तरच्या दशकात जीव वाचवून व्हिएतनामला पळाली होती आणि ख्मेर रूजची क्रूर राजवट गेल्यावर परत याच पाण्यावर आली.

गाव खरंच तरंगतं. बांबूच्या जुड्या आणि पिंपं यांच्यावर फळ्यांची घरं. किराणा, पेट्रोलपंप, न्हावी, चर्च, सगळं पाण्यावर. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि सरोवर भरत जातं. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचं असतं, ते पावसाळ्याच्या शेवटी पंधरा हजारांच्या घरात पोचतं. म्हणजे जवळजवळ अख्खा पुणे जिल्हा. काठ सरकतो तसं गावही सरकतं, वर्षातून कितीतरी वेळा घरं ओढून न्यावी लागतात. आम्ही गेलो तेव्हा पाणी चढलेलं होतं, महामार्गापासून गाव जवळच होतं. जिकडे पाहावं तिकडे पाणी. आणि पिण्याचं पाणी वीस लिटरला चार हजार रिएल. एक डॉलर.

झालं असं. निघण्याआधी संयोजकांनी मुलांना दहा वेळा बजावलं होतं: सरोवराचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका, फक्त जारचं वापरा. बरोबरच होतं ते. गावातली बहुतेक शौचालयं थेट पाण्यावरच आहेत. पण मुलांनी त्याचा अर्थ ताणला. दात जारच्या पाण्यानं, तोंड जारच्या पाण्यानं, मग पाय, मग अंघोळ. मागच्या ओट्यावर अंघोळीसाठी एक मोठं पिंप भरून ठेवलेलं होतं, त्यातलं पाणी चहासारखं दिसत होतं. एका मुलीनं त्यात मग बुडवला, वास घेतला आणि परत ठेवला. दुसरीनं जार उचलून आणला. तिसरीनं केस धुतले, दोनदा, शाम्पूनं. मिंग चुलीपाशी बसून पाहत होती. ती काही बोलली नाही, उलट जारचं झाकण लवकर निघेना तेव्हा उठून सुरीनं काढून दिलं.

आणि मी? मी त्याच पाण्यानं पाय धुतले. दिवसभराच्या प्रवासानंतर घोट्यांवर गार पाणी ओतताना किती बरं वाटलं ते मला नीट आठवतंय.

मी लातूरची आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली त्या लातूरची. त्या उन्हाळ्यात मी आईकडे होते. टँकर कधी येईल याचा भरवसा नसायचा. आई भाजी धुतलेलं पाणी फरशीला वापरायची, फरशीचं संडासात. पाहुणे आले की मात्र पितळी तांब्या काठोकाठ भरून पुढे ठेवायची. पाहुण्यांनी अर्धा पेला पिऊन अर्धा टाकला की आई त्या पेल्याकडे कशी बघायची, ते मी पाहिलंय. पाहुण्यांना ती नजर कधीच कळली नाही. त्या पहाटे मच्छरदाणीत बसून मला तीच नजर आठवत होती, आणि यावेळी पाहुणी मी होते.

सकाळी गाईडला घेऊन पाण्याच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जारांनी भरलेली मोठी नाव. मालकिणीनं वही उघडून दाखवली. मिंगच्या पानावर आमच्या येण्याआधीचे चार आणि पहाटेचे दोन अशा सहा रेघा होत्या. सगळं उधार. गाईडनं चाचरत सांगितलं, संयोजकांकडून होमस्टेवाल्यांचा हिशेब महिनाअखेरीस होतो. माणशी एका रात्रीचे चार डॉलर, जेवण धरून. पाणी वेगळं धरलेलंच नाही. सव्वा लाखातले चार डॉलर! मला खूप राग आला. पुण्याला परतल्यावर मी संयोजकांना लांबलचक पत्र लिहिलं, त्याला आलेलं उत्तर दोन ओळींचं होतं.

त्याच दिवशी फिल्टरचा कार्यक्रम होता. कंबोडियात मातीचे फिल्टर बरेच वापरात आहेत. माती आणि भाताचा कोंडा मळून कुंडीच्या आकाराचं भांडं भाजतात. कोंडा जळून जातो, त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात, आतून चांदीचं द्रावण लावतात. ते भांडं तोटीच्या प्लॅस्टिकच्या बादलीत बसवायचं. तासाला एक ते तीन लिटर पाणी गळतं, पिण्याजोगं. साधी, फार चांगली वस्तू आहे. आम्ही दहा संच आणले होते आणि यादीत मिंगचं घर होतं.

मुलींनी खोका उघडला तेव्हा मिंगनं आतून एक बादली आणली. तशीच, त्याच रंगाची, तोटीसकट. तिच्यात तांदूळ भरलेला होता. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गटानं तो फिल्टर दिला होता. मग घर ओढून नेताना धक्का बसला आणि आतलं मातीचं भांडं तडकलं. तिला फक्त ते भांडं हवं होतं. तिनं विचारलंही होतं. पण कार्यक्रमात पूर्ण संचच वाटायचे होते, सुटं भांडं कोणी आणत नव्हतं. मधली दोन वर्षं ती जार घेत होती, आणि पैसे नसले की सरोवराचं पाणी उकळून पीत होती. मुलींनी तिच्या जुन्या बादलीत नवं भांडं बसवलं. उरलेली नवी बादली तिनं लगेच शेजारणीला दिली.

त्या दुपारी मी मुलींना बसवून जारांचं सगळं सांगितलं. रागावले नाही, रागवायचा मला अधिकार नव्हता. माझ्या पायांचंही सांगितलं. ज्या मुलीनं केस धुतले होते ती बराच वेळ बोटाला केस गुंडाळत राहिली. मग उठली आणि मिंगला हातवाऱ्यांनी विचारू लागली, पिंपातलं पाणी दाखवून: हे कसं?

मिंगनं फळीखालून चिंधीत गुंडाळलेला खडा काढला. तुरटी! मी जवळजवळ ओरडलेच. आमच्या रांजणात आजी फिरवायची तोच पांढरा, कडा झिजून गुळगुळीत झालेला खडा. मिंगनं बाही वर सरकवली, कोपरापर्यंत हात घातला आणि खडा पिंपात गोल फिरवायला लागली. घाई नाही, एकाच दिशेनं. मध्येच थांबून पाण्याकडे बघायची. थोड्या वेळानं गढूळपणा सुटा व्हायला लागला, आधी धुरासारखा, मग कापसाच्या पुंजक्यांसारखा, आणि पुंजके हळूहळू खाली निघाले. मग तिनं खडा त्या मुलीच्या हातात दिला. मुलीनं फार जोरात फिरवला. मिंगनं मनगट धरून वेग कमी केला. तासाभरानं वरचं वीतभर पाणी इतकं नितळ झालं की आत बुडवलेला मग दिसत होता. पिण्याचं नव्हे, पण अंघोळीला उत्तम. पहिली अंघोळ मी केली, पाठोपाठ सगळ्यांनी.

संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं. मुलींनी आणलेल्या पणत्या मिंगनं पाणी घातलेल्या परातीत ठेवायला लावल्या. लाकडी घर, शेजारी पेट्रोलचे डबे. तिच्या नातवंडांनी चकल्या संपवल्या, लाडवांना हात लावला नाही. जेवायला भात, लसूण घातलेली नाळीच्या भाजीसारखी पालेभाजी आणि खाणाऱ्यांना तळलेले मासे. घरात प्राहोकचा, म्हणजे आंबवलेल्या माशांचा, वास कायम. मी शाकाहारी आहे, पहिल्या रात्री तो जड गेला, दुसऱ्या रात्री जाणवलाही नाही. शेजारणी येता-जाता विचारायच्या, ‘ञाम बाय?’ भात खाल्ला का? आपल्या ‘जेवलीस का’सारखंच, उत्तराची वाट न बघता.

शाळेबद्दल थोडंच लिहिते. आम्ही तरंगत्या शाळेत शिरलो तेव्हा फळ्यावर अपूर्णांकांचं एक गणित अर्ध्यावर होतं. गुरुजींनी (त्यांना ‘लोक क्रू’ म्हणतात, क्रू म्हणजे आपला गुरूच) ते हसत पुसलं आणि डस्टर आमच्या मुलाकडे दिलं. मग तासभर ए फॉर ॲपल. माझ्या वर्गात कोणी असं शिरलं तर मी सहन करीन का? दुसऱ्या दिवशीचा तास मी रद्द करायला लावला. कार्यक्रमात सिएम रीप शहरातल्या एका अनाथालयाची ऐच्छिक भेटही होती. त्याला मी पुण्यातच नकार दिला होता. कंबोडियातल्या अनाथालयांमधल्या चारांतल्या तीन मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफनं म्हटलेलं आहे. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून घरातली मुलं तिथे आणली जातात. पालकांनो, एवढं एक विचारून घ्या. बाकी अंगकोर वाट पाहिलं. सुंदर आहे, त्यावर मराठीत पुष्कळ लिहून झालंय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एक गोष्ट केली, जी बरोबर होती का ते मला अजून कळत नाही. पाण्याच्या दुकानात जाऊन मिंगचं पान मिटवलं. तोवर नऊ रेघा झाल्या होत्या. छत्तीस हजार रिएल, म्हणजे नऊ डॉलर. मला वाटलं होतं तिला कळणार नाही. पण पाण्यावरच्या गावात बातमी आपल्या आधी घरी पोचते. रात्री ती माझ्याशी बोलली नाही. वाढलं सगळं, भात पुन्हा घातला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. गाईड म्हणाला, ‘तिला वाईट वाटलंय. पाहुण्यानं पाण्याचे पैसे द्यायचे?’

माझ्या आईच्या घरी कोणी असं केलं असतं तर आई चार दिवस जेवली नसती. हे मला दुकानात जाताना सुचायला हवं होतं.

सकाळी आमची नाव आली. सॅक लागल्या, मुली नातवंडांचा निरोप घेत होत्या. मिंग आतून शेवटचा जार घेऊन आली, अर्ध्याहून जास्त भरलेला. एकेकीच्या हातातून बाटली घेऊन ती भरू लागली. मी माझी बाटली सॅकमध्येच ठेवली होती. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. मी मान हलवली. तिनं हात मागे घेतला नाही. शेवटी मी बाटली काढून दिली. तिनं जार तिरपा केला, आणि बाटली गळ्यापर्यंत भरल्यावरही लगेच थांबली नाही. थोडं पाणी काठावरून ओघळलं, तिच्या बोटांवरून फळ्यांवर पडलं आणि फटीतून खाली सरोवरात गेलं. मग तिनं झाकण घट्ट लावलं, पदरासारखा गळ्यात घेतलेला क्रामा, म्हणजे तिकडचा गमछा, ओढून बाटली पुसली आणि माझ्या हातात दिली.