ग्रेसलँडला अख्खा दिवस आणि स्टॅक्सला दीड तास

डॅलसहून मेम्फिस साधारण साडेचारशे मैल. लाँग वीकेंड, दोन फॅमिल्या, एक भाड्याची व्हॅन, डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी. लिटल रॉकपर्यंतचा रस्ता इतका बोअर आहे की त्यावर एक ओळसुद्धा खर्च करत नाही. हॉटेलचं नाव सांगत नाही, एसीच्या आवाजाने कुणालाच झोप लागली नाही एवढंच.

आता मुद्द्याचं. मी मेम्फिसला गेलो ते सॅम अँड डेव्हसाठी, म्हणजे साठच्या दशकातली सोल गाणारी काळ्या गायकांची जोडी, यांची गाणी इथल्या स्टॅक्स स्टुडिओत झाली. बाकी सगळे गेले एल्विससाठी. आणि मतदान झाल्यावर काय होणार ते तुम्हाला माहितीच आहे, सकाळपासून आम्ही एल्विसच्या घरी, ग्रेसलँडला. वाईट नाहीये हां ते, जंगल रूमच्या छतालासुद्धा हिरवं कार्पेट ठोकलंय, ते बघून वहिनी म्हणाल्या "ह्याला व्हॅक्यूम कसा मारत असतील हो?" आणि मग कुणाचंच ऑडिओ टूरकडे लक्ष राहिलं नाही. पण गर्दी म्हणजे गर्दी. घर झालं, मग गाड्या, मग विमानं, मग प्रत्येक दालनाबाहेर एक दुकान, आणि आमच्या मित्राला प्रत्येक दुकानात शिरायचंच होतं. मी नुसता घड्याळ बघतोय. शेवटी साडेतीनला निघालो.

तिथून स्टॅक्स म्युझियमचा ईस्ट मॅकलमोर अ‍ॅव्हेन्यू गाडीने फार लांब नाही. पण वस्ती बदलते. बंद दुकानं, मधेच रिकामे प्लॉट, एखादं चर्च. मित्राने आवाज खाली आणून विचारलं, "अरे, गाडी इथे लावायची? एरिया ठीक आहे ना?" आपल्या लोकांचं हे मला अजिबात आवडत नाही. एल्विसच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न पडला नव्हता. रस्त्यावर शाळेतून आल्यासारखी चार पोरं ट्रम्पेटच्या पेट्या घेऊन चालली होती, शेजारीच स्टॅक्स म्युझिक अ‍ॅकॅडमी आहे, म्हटलं बघ, हा एरिया असा आहे.

समोर मोठी पाटी, सोल्सव्हिल यूएसए. जुन्या सिनेमा थिएटरच्या दारावर असते तशी, मार्की म्हणतात तिला. कारण हे मुळात थिएटरच होतं, कॅपिटॉल नावाचं. १९६० मध्ये जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन यांनी ते भाड्याने घेतलं आणि आत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला, तोच पुढे स्टॅक्स. पैसे नव्हते म्हणून थिएटरचा उताराचा फ्लोअर तसाच ठेवला, पडद्याच्या जागी स्टेजवर कंट्रोल रूम. आणि जिथे पॉपकॉर्न विकायचे तिथे एस्टेलबाईंनी रेकॉर्डचं दुकान टाकलं. गल्लीतली पोरं तिथे पडीक असायची, बाई त्यांना नवीन गाणी ऐकवायच्या आणि कुठल्या गाण्याला पाय हलतात ते बघायच्या.

म्युझियममध्ये शिरल्या शिरल्या एक अख्खं लाकडी चर्च आहे, मिसिसिपी डेल्टामधून उचलून आणलेलं, साधारण १९०६ सालचं. मी तिथे जास्त थांबलो नाही, पण ते पहिलं का ठेवलंय ते सॅम अँड डेव्ह ऐकलेल्या माणसाला लगेच कळतं. सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर दोघंही चर्चमध्ये गाऊन तयार झालेले. भजनात बुवा ओळ अर्धी सोडतात आणि टाळकरी ती वरच्यावर झेलतात ना, अगदी तसं. सॅम ओळ भिरकावतो, डेव्ह खालच्या पट्टीत पकडून परत मारतो, आणि कधी अदलाबदल होते ते कळतही नाही.

मग स्टुडिओ ए. इथे मी हललोच नाही. फ्लोअरचा उतार पायाला जाणवतो, पोटऱ्यांना जरा ताण येतो. त्या तिरक्या जमिनीवर बुकर टी जोन्सचं ऑर्गन, अल जॅक्सनचे ड्रम्स, स्टीव्ह क्रॉपरची गिटार, डक डनचा बेस, हे स्टॅक्सचे घरचे वादक. दोन काळे, दोन गोरे, १९६० च्या दशकातल्या मेम्फिसमध्ये, जिथे हे चौघं बाहेर एका टेबलावर बसून जेवायचं म्हटलं तर हॉटेल शोधावं लागायचं. १९६६ चा 'होल्ड ऑन, आय'म कमिन'' हा अल्बम असल्या खोलीत, असल्या लोकांनी केला. गाणी लिहायला आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर. हा पोर्टर आधी समोरच्याच किराणा दुकानात कामाला होता. आणि टायटल साँगचा किस्सा तर भारीच, पोर्टर टॉयलेटमध्ये, हेज बाहेरून ओरडतोय लवकर ये म्हणून, आतून उत्तर आलं "थांब की, आलोच", झालं, गाणं तयार! काही रेडिओवाल्यांना त्या ओळीत भलताच अर्थ दिसला, मग रेकॉर्डच्या लेबलवर शब्द जरासा बदलून छापावा लागला. कव्हरवर दोघांना कासवावर बसवलंय, ते मात्र कुणालाच खटकलं नाही बहुतेक.

आता अल्बमचं काय झालं ते ऐका. बिलबोर्ड मासिकाच्या आर अँड बी, म्हणजे मुख्यतः काळ्या श्रोत्यांच्या, अल्बमच्या यादीत पहिला नंबर. आणि सगळ्यांच्या, म्हणजे पॉपच्या यादीत? ४५. टायटल साँगचं तेच, तिकडे १, इकडे २१. एकच तबकडी, एकच देश, दोन याद्या. हे मी आधीही वाचलं होतं, पण दिवसभर ग्रेसलँडच्या रांगेत उभं राहून मग इथे आल्यावर ते आकडे वेगळेच वाटायला लागले. तिकडे शटल बस भरभरून माणसं, इकडे स्टुडिओत मी, माझी बायको आणि एक सत्तरीच्या बाई. बस्स.

त्या बाईंनी विचारलं कुठून आलात. मग त्या सांगायला लागल्या की लहानपणी त्या इथूनच रेकॉर्ड घ्यायच्या, आणि नंतर कित्येक वर्षं इथे नुसतं गवत आणि फुटक्या बाटल्या होत्या. कारण मी ज्या फ्लोअरवर भारावून उभा होतो तो खरा नाहीच! स्टॅक्स १९७५ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली, इमारत पुढे एका चर्चला दहा डॉलरला विकली गेली आणि १९८९ मध्ये पाडली. आत्ताची ही सगळी नक्कल, २००३ मध्ये त्याच जागी उभी केलेली, उतारासकट. दहा डॉलर!! आम्ही पार्किंगला त्याच्याहून जास्त दिले होते सकाळी. एल्विसचं घर जसंच्या तसं राहिलं, गालिच्यासकट, आणि ही भिंत पाडली. मला खरंच राग आला, कुणाचा ते नीट सांगता येणार नाही.

आणि सॅम अँड डेव्ह तर मुळात स्टॅक्सचे नव्हतेच. करार अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीशी, स्टॅक्सला नुसतं उधार दिलं होतं. १९६८ मध्ये दोन्ही कंपन्यांचं फाटलं, अटलांटिकने सॅम अँड डेव्हला परत नेलं आणि हिट गाणी आटली. ती खोली, ते वादक, ते गेल्यावर आवाज उरत नाही, इतकं साधं आहे ते. दोघांचं आपसातही फाटलं, स्टेजखाली वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि स्टेजवर घामाने निथळत एकमेकांच्या ओळी झेलत होते. डेव्ह १९८८ मध्ये कार अपघातात गेला, सॅम २०२५ च्या जानेवारीत.

तेवढ्यात मित्र आला. त्याला आयझॅक हेजची सोन्याचा मुलामा दिलेली, आत फर लावलेली कॅडिलॅक सापडली होती, खूष होता. १९६७ चं 'सोल मॅन' वाजत होतं, तर म्हणतो, "अरे हे ब्लूज ब्रदर्सचं ना?" नाही बाबा, त्या विनोदी नटांच्या जोडीने अकरा वर्षांनी परत गायलं ते. बरं, ह्यालाच ग्रॅमी मिळालं होतं आणि पॉपच्या यादीतसुद्धा दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं होतं, तरी लोकांच्या डोक्यात काळा गॉगल घातलेली ती दोघंच. यावर आमचं पाच मिनिटं वाजलं. मग बंद व्हायची वेळ झाली म्हणून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी लॉरेन मोटेल, जिथे मार्टिन ल्यूथर किंगना गोळी घातली. स्टॅक्सची मंडळी तिथेच उतरायची, कारण काळे-गोरे एकत्र बसू शकतील अशी जागा ती. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

परत येताना व्हॅनमध्ये मी अख्खा अल्बम लावला, बाराच्या बारा गाणी. वहिनींना आवडला, मित्र म्हणाला मधली गाणी एकसारखी वाटतात. त्याला काय उत्तर देणार. पुढच्या वेळी मी एकटा जाणार आहे, एल्विसवाल्यांनी आपापली गाडी काढावी.