आमची वाटचाल : तिसरा शनिवार

बंगले करणारे आर्किटेक्ट शाळा करणाऱ्यांना व्यवहारात कच्चे समजतात. संस्थेची फी हप्त्याहप्त्याने येते, अनुदान अडलं की हप्ताही अडतो आणि एक जिना मंजूर करून घ्यायला पंधरा विश्वस्तांपुढे बसावं लागतं. १९९६ साली सांगलीत विश्रामबागला एका गाळ्यात ऑफिस थाटलं, तेव्हाही मला हे ठाऊक होतं. तरीही आम्ही शाळाच केल्या.

गाळ्यात एक ड्रॉइंग बोर्ड, रेघा मारायचा मिनी-ड्राफ्टर आणि रोट्रिंगची शाईची तीन पेनं होती. ०.२ चं पेन उन्हाळ्यात सारखं चोंदायचं. ट्रेसिंगवर चुकलेली रेघ ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची आणि नवी शाई फुटू नये म्हणून ती जागा नखाने घोटून घ्यायची. अमोनिया प्रिंटचा वास रात्री घरी जाईपर्यंत कपड्यांना असायचा. ती सगळी हत्यारं कपाटात गेली. रोजच्या वापरात राहिली ती फक्त एक सागवानी पट्टी, आणि ती मोठ्या बाईंमुळे.

मोठ्या बाई म्हणजे तासगाव रस्त्यावरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. १९९८ साली त्यांच्या सहा वर्गखोल्यांचं काम आमच्याकडे आलं. मी सगळ्या खिडक्यांची सिल, म्हणजे खालची कड, जमिनीपासून तीन फुटांवर धरली होती. बाईंनी नकाशा नीट पाहिला आणि विचारलं, “पहिलीतलं पोर बाकावर बसल्यावर त्याला बाहेरचं काय दिसेल?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली, चौथी, सातवी आणि दहावीची मुलं व्हरांड्यात भिंतीशी उभी केली, मग बाकांवर बसवली. उभ्याने डोळे कुठे येतात, बसल्यावर कुठे, हात नळाच्या तोटीपर्यंत कुठे पोचतो, कोपर कठड्याला कुठे टेकतो, सगळी मापं मी घेतली आणि सहा फुटी पट्टीवर खाचा पाडल्या. पहिलीतल्या बसलेल्या मुलाला तीन फुटी सिलच्या वर फक्त आभाळ दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे बाईंच्या शाळेचं एकही काम दुसरीकडे गेलं नाही, आमचे वाईट दिवस आले तेव्हाही.

१६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागली. खाली दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक, वर गवताचं छप्पर, उतरायला अरुंद जिना. ९४ मुलं गेली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पेपर वाचून कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ आर्किटेक्टचा फोन आला, “आपण केलेल्या शाळांचे जिने काढून बसू या का?” त्याच दुपारी आम्ही चौघं जयसिंगपूरला जमलो. तेव्हापासून महिन्याचा तिसरा शनिवार ठरला. कधी सांगली, कधी कोल्हापूर, कधी कराड. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. ज्याने शाळा केली आहे त्याने ड्रॉइंग घेऊन यायचं आणि काय चुकलं ते आधी सांगायचं.

मोठ्या संघटना आमच्याही आहेत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं मूळ १९१७ पर्यंत मागे जातं आणि तिचा मला आदर आहे. पण स्वयंपाकाची शेड वाऱ्याच्या कोणत्या बाजूला घातली की धूर वर्गात शिरत नाही, हे आमच्याच भागात चार शाळा बांधलेला माणूस सांगतो. माझ्या पट्टीच्या खाचा त्या बैठकीत सगळ्यांनी उतरवून घेतल्या. मी आनंदाने दिल्या.

त्यांच्यातच तो होता. नाव लिहीत नाही.

२०१२ साली मिरज तालुक्यातल्या एका संस्थेची अठरा वर्गांची शाळा आमच्याकडे आली. तोवरचं आमचं सगळ्यात मोठं काम. त्यासाठी कर्ज काढून दोन कॉम्प्युटर आणि प्लॉटर घेतला, दोन मुलं नोकरीला ठेवली. जागेवर खोल काळी माती. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात भेगाळणार. साध्या फुटिंगवर, म्हणजे उथळ पायावर, शाळा उभी केली असती, तर दोन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेले असते. आम्ही मातीची तपासणी करून अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, सुचवले: साडेतीन मीटरच्या खाली, तळाशी खांबाच्या अडीचपट रुंद फुगा. खर्च वाढला. विश्वस्त कुरकुरले. मग एके दिवशी फोन उचलणंच बंद झालं.

तीन महिन्यांनी साइटवरून जाताना बोर्ड दिसला. त्याच्या नावाचा. साधं फुटिंग चालेल आणि फी निम्मी, असं सांगून त्याने काम घेतलं होतं. पुढे पाया मात्र पाइलचाच घातला, आमच्याच ड्रॉइंगवरून, फक्त टायटल ब्लॉक, म्हणजे आर्किटेक्टच्या नावाची चौकट, बदलून. मुलांच्या दृष्टीने झालं ते बरंच झालं. पण आमची फी आजतागायत आलेली नाही. वर्षभरात प्लॉटर विकला, नोकरीतली दोन्ही मुलं सोडून गेली, सौभाग्यवतींच्या बांगड्या बँकेत गेल्या.

१९८९ चे आर्किटेक्ट्सच्या व्यावसायिक वर्तनाचे नियम आहेत. दुसऱ्याचं काम हिरावू नये, आणि क्लायंटकडे आधी कुणी आर्किटेक्ट होता असं कळलं तर त्याला कळवावं, असं त्यांत लिहिलेलं आहे. एक फोन. माझ्या शेजारी बसून आठ वर्षं भडंग खाल्लेल्या माणसाने तो केला नाही, ही गोष्ट मला फीपेक्षाही जास्त लागली, अजून लागते.

आम्हाला तारलं ते तिसऱ्या शनिवारनेच. कोल्हापूरच्या ज्येष्ठांनी स्वतःकडच्या दोन शाळांच्या दुरुस्त्या आमच्याकडे वळवल्या. कराडच्या मित्राने आपला जुना प्लॉटर आणून दिला आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही. मोठ्या बाईंनी प्रयोगशाळेची अर्धी फी काम सुरू होण्याआधीच धाडली. काम हिरावणाऱ्याने बैठकीला येणं आपणहून बंद केलं.

नव्या मुलांना सांगतो. पहिला हप्ता जमा होईपर्यंत कुणालाही बदलता येणारी कॅड फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. शाळेचं काम हातात घेण्याआधी जुन्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होताना जिन्याच्या तळाशी उभे राहा. जिन्याची दीड मीटर रुंदी कमी का करायची नाही, हे विश्वस्तांना तिथेच दाखवा. पायरी दीडशे मिलिमीटरहून उंच नको. उजेड मुलांच्या डाव्या बाजूने येऊ द्या, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही.

मधली वर्षं कामात गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी २००५ च्या खुणांच्याही वर गेलं. ते ओसरल्यावर आम्ही अकरा जणांनी गावं वाटून घेतली आणि शाळांचे पाये, कॉलम, वायरिंग पाहून हेडमास्तरांना लेखी कळवलं. कुणाकडून रुपया घेतला नाही.

गेल्या वर्षी वाळव्याकडच्या एका तरुण आर्किटेक्ट मुलीचा फोन आला. तिसऱ्या शनिवारला ती दोनदाच आली होती. मिरज तालुक्यातल्या त्याच संस्थेने तिला वरच्या मजल्यासाठी बोलावलं होतं. “सर, मूळ काम तुमचं होतं ना? तुमची फी मिटली आहे का?”

मी नाही म्हणालो. तिने संस्थेला पत्र लिहिलं, आधीचं बिल चुकतं करा, मग मी नकाशाला हात लावेन. पत्राची प्रत मला पाठवली. संस्थेचं उत्तर अजून आलेलं नाही आणि तिने ते काम घेतलेलं नाही.